ब्लेडचं तापमान आणि फॉर्ममधला एक रकाना : माझा अनुभव

थर्मल कॅमेरा (उष्णतेच्या किरणांवरून तापमान दाखवणारा) वापरायला मिळावा म्हणून जो अर्ज भरावा लागतो, त्यात ‘पृष्ठभागाची इमिसिव्हिटी’, म्हणजे तापलेला पृष्ठभाग असे किरण किती सोडतो याचा शून्य ते एकमधला आकडा, असा एक रकाना असतो. तो रिकामा सोडला की अर्ज परत येतो. ‘अजून माहीत नाही’ असं लिहिलं तरी परत येतो. माझा अर्ज तीनदा परत आला आणि त्यात पाच आठवडे गेले. ती मोजणी होऊन बरेच दिवस झाले, तरी तो राग गेलेला नाही. अल्ट्रासॉनिक शस्त्रक्रिया-उपकरणाचं तापमान मोजायची वेळ दुसऱ्या कुणावर आली, तर त्यांचे हे आठवडे वाचावेत म्हणून लिहिते आहे.

हे उपकरण म्हणजे एक लांब, बारीक चिमटा. मुठीतल्या सिरॅमिक चकत्या विजेवर थरथरतात आणि ती थरथर टायटॅनियमच्या दांड्यातून टोकाच्या ब्लेडपर्यंत पोचते. आमच्या उपकरणात सेकंदाला साधारण ५५,५०० वेळा. टोक हलतं किती, तर ५० ते १०० मायक्रॉन. वरचा जबडा टेफ्लॉनच्या पॅडने ऊतीला ब्लेडवर दाबून धरतो. घर्षणाने ऊती तापते, प्रथिनं गोठतात, रक्तवाहिनीचं तोंड चिकटून बंद होतं आणि मग ती कापली जाते. रुग्णाच्या शरीरातून वीज वाहत नाही, हा याचा मोठा गुण.

दोष असा, की पेडलवरून पाय काढला तरी ब्लेड लगेच गार होत नाही. सर्जन त्याच टोकाने शेजारची ऊती बाजूला सारतात. ऊतीतली प्रथिनं साठ अंशांच्या आसपासच बिघडू लागतात आणि ब्लेड दोनशेच्याही वर गेलेलं असू शकतं. ते आतड्याला टेकलं तर झालेली इजा त्या वेळी डोळ्यांना दिसेलच असं नाही. म्हणून आपण किती तापलो आहोत हे उपकरणाला स्वतःला कळलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

टोकावर सेन्सर बसवायला जागा नाही, पण एक वाट आहे. टायटॅनियम तापलं की त्याची ताठरता कमी होते आणि रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी, म्हणजे दांडा सेकंदाला जितक्या वेळा सर्वांत सहज थरथरतो तो आकडा, खाली येते. उपकरणाला वीज पुरवणारा जनरेटर व्होल्टेज आणि करंट यांच्यातला फेज (एकाची लहर दुसऱ्याच्या किती मागेपुढे आहे ते) बघत त्या फ्रिक्वेन्सीचा पाठलाग क्षणोक्षणी करतच असतो. म्हणजे माहिती आयती हातात असते, फक्त तिचं अंशांत रूपांतर करायचं. तो प्रोग्रॅम आठवड्याभरात झाला. त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

अडलं ते पुढे. माझा अंदाज खरा की खोटा, हे कशाशी ताडून बघायचं?

आधी थर्मोकपल (दोन धातूंच्या तारा जोडून केलेला तापमापक) चिकटवलं. ब्लेड सुरू होताच काही सेकंदांत ते सुटून आलं. दुसरा, जास्त पक्का गोंद वापरला. या वेळी थर्मोकपल टिकलं, पण त्याच्या वजनानेच फ्रिक्वेन्सी सरकली. शिवाय त्याच्या तारांचा सांधा ब्लेडवर घासून स्वतःच तापत होता, त्यामुळे आकडा ब्लेडचा की घासण्याचा हे सांगता येईना. चालू ब्लेडवर थर्मोकपल लावण्यात वेळ घालवू नका. थांबलेल्या ब्लेडवर मात्र ते उत्तम चालतं, आणि त्याचा उपयोग पुढे झालाच.

मग उरला थर्मल कॅमेरा, आणि तो अर्ज.

पहिल्यांदा मी रकान्यात रेघ मारली. नऊ दिवसांनी अर्ज परत आला, वर फक्त ‘अपूर्ण’ असा शेरा. दुसऱ्यांदा ‘टायटॅनियम मिश्रधातू, घासून चकचकीत केलेला, मोजणी बाकी’ असं लिहिलं. तोही परत. तिसऱ्यांदा मी स्वतः जाऊन उभी राहिले.

“मॅडम, आकडा लिहा, लगेच तारीख देतो.”

“आकडा काढायलाच तर तारीख हवी आहे, सर.”

“मग पुस्तकातला लिहा.”

पुस्तकातला आकडा लिहिणं मला पटलं नाही. चकचकीत, खरखरीत आणि ऑक्सिडेशन झालेल्या टायटॅनियमचे आकडे एकमेकांपासून खूप लांब असतात. माझं ब्लेड यातलं नेमकं कुठलं? शिवाय चार वेळा ऊती कापली की त्यावर करपलेला थर बसतो आणि आकडा पुन्हा बदलतो. खोटा आकडा लिहून अर्ज मंजूर करून घेतला असता, तर पुढचं सगळं त्या खोट्यावर उभं राहिलं असतं. तिसरा अर्जही परत आला.

सुटका झाली ती एका ज्येष्ठ सहकाऱ्यांमुळे. त्यांनी सांगितलं, की अर्ध्या तासाच्या ‘पृष्ठभाग तपासणी’साठी वेगळा फॉर्म आहे आणि त्यात हा रकानाच नाही. हे खिडकीवर कुणीही सांगितलं नव्हतं, कुठे लिहिलेलंही नव्हतं. तुमच्याकडे असाच रकाना असेल, तर आधी छोट्या तपासणीचा फॉर्म आहे का ते विचारा. पाच आठवड्यांचं काम त्या अर्ध्या तासात झालं.

केलं काय, तर न वापरलेलं ब्लेड हॉटप्लेटवर स्थिर तापमानाला आणलं, त्याला थर्मोकपल घट्ट बांधलं आणि कॅमेऱ्याचा आकडा थर्मोकपलशी जुळेपर्यंत इमिसिव्हिटी फिरवली. ती ०.३ च्या आसपास आली. कॅमेरा नेहमीच्या ०.९५ वर ठेवला असता, तर दोनशे अंशांचं ब्लेड जेमतेम शंभराचं दिसलं असतं. ते बघून माझ्या अंगावर काटा आला. तो रकाना महत्त्वाचा आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. तो भरण्याची सोय न देता माणसाला परत पाठवणं मान्य नाही.

उष्णता सोसणारा काळा रंग लावला तर काम सोपं होतं, कारण काळ्या पृष्ठभागाला आजूबाजूचं प्रतिबिंब नडत नाही. पण थरथरीने रंगाचे पापुद्रे निघतात. थर अगदी पातळ द्या, पहिल्या दोन-तीन वेळचीच मोजणी धरा आणि पुन्हा रंगवा. आणखी एक. जबडा मिटलेला असताना कॅमेऱ्याला ब्लेड दिसत नाही आणि मध्ये वाफही येते. आम्ही पेडल सोडताक्षणी जबडा उघडायचो, गार होण्याचा आलेख घ्यायचो आणि तो मागे वाढवून थांबण्याच्या क्षणाचं तापमान काढायचो.

एवढं होऊनही आकडे जुळेनात. ओव्हनमध्ये ब्लेडचा सगळा दांडा सारखा तापवून मी फ्रिक्वेन्सी आणि तापमानाचा तक्ता केला होता. त्या तक्त्यानुसार प्रत्यक्ष कापताना ब्लेड फारच थंड निघत होतं, कॅमेरा मात्र दोनशेच्या पुढे दाखवत होता. दोन दिवस मी कॅमेऱ्यालाच दोष देत बसले. चूक तक्त्यात होती. कापताना तापतं ते टोक, आणि टोक हा प्रस्पंद बिंदू. तिथे हालचाल सर्वांत जास्त, पण ताण जवळजवळ शून्य. फ्रिक्वेन्सी ठरते ती जिथे ताण जास्त आहे तिथल्या ताठरतेवर, म्हणजे जिथे हालचाल जवळजवळ नसते त्या निस्पंद बिंदूंपाशी. त्यातला पहिला टोकापासून साधारण दोन सेंटिमीटर आत असतो. त्यामुळे टोक लाल मिरचीसारखं झोंबत असलं तरी फ्रिक्वेन्सी त्या मानाने थोडीच उतरते. फक्त शेवटचे १५ मिलिमीटर तापवून नवा तक्ता केला आणि आकडे जुळले. त्या संध्याकाळी मी आलेख छापून टेबलावर लावला. तो अजून तिथेच आहे.

मध्येच आठवलं म्हणून सांगते : निर्जंतुक करून नुकतीच बाहेर काढलेली मूठ आतून गरम असते. तिची सुरुवातीची फ्रिक्वेन्सी ‘थंड’ म्हणून नोंदवली, तर पुढचं प्रत्येक तापमान खरं आहे त्यापेक्षा कमी दिसतं. मूठ पूर्ण निवू द्या. वापरताना सिरॅमिकही तापतं, पण ती घसरण मिनिटांची असते आणि ब्लेडची सेकंदांची, म्हणून दोन्ही वेगळ्या काढता येतात.

ऊती कापून झाली का, हे ओळखायलाही फ्रिक्वेन्सीचा आलेख कामी आला. डुकराच्या मानेतली रोहिणी जबड्यात धरली, की आतलं पाणी उकळेपर्यंत तापमान शंभराच्या आसपास रेंगाळतं आणि फ्रिक्वेन्सी हळू उतरते. पाणी संपलं की उतार तीव्र होतो. ऊती तुटून ब्लेड थेट पॅडला भिडलं की उतार पुन्हा बदलतो. इथे नुसत्या आकड्यापेक्षा उतारावर जास्त भरवसा ठेवा, कारण सुरुवातीच्या तापमानाची चूक उतारात फारशी उतरत नाही. ऊती तुटल्याच्या क्षणी जनरेटरने ताकद कमी केली नाही, तर रिकामं ब्लेड टेफ्लॉनवर घासत राहतं. टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळतं आणि पॅडला खाच पडते.

ऊतीभोवती सलाईन साचलेलं असेल तर उतार बराच वेळ मंद राहतो आणि कापून झाल्याची खूण उशिरा मिळते. ओल्या चाचण्या सध्या चालू आहेत. त्यांच्यासाठी कॅमेरा पुन्हा हवा होता, तेव्हा मी मोजलेला ०.३ हा आकडा लिहून अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी तारीख मिळाली.