मारुती ८००चा गिअर पडेना : गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय काय तपासलं

गाडी १९९८ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची. सकाळी पहिला गिअर जोर लावल्याशिवाय पडायचा नाही. रिव्हर्स टाकताना कर्रर्र व्हायचं, आणि ट्रॅफिकमध्ये अर्धा तास गेला की सगळेच गिअर जड. शिवाय तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना खरखर. एका गॅरेजात बॉनेटही न उघडता निदान झालं : 'गिअरबॉक्स उतरवू, अख्खा क्लच सेट टाकू.' त्याआधी जे घरच्या घरी तपासता येतं ते तपासलं.

सुरुवात इंजिन बंद ठेवून. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना विटा. क्लच दाबून चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहिले. दात दातावर आला तर एखादा गिअर अडतो, तेव्हा गाडी जरा पुढेमागे ढकलायची. सगळे गिअर लोण्यासारखे पडले. म्हणजे गिअरचा दांडा, त्याखालचे रॉड आणि त्यांचे बुश यांचा दोष नाही. बंद इंजिनवरही गिअर अडला असता तर आधी गाडीखाली शिरून तेच बुश पाहिले असते. ते झिजले की दांडा न्यूट्रलमध्येही खुळखुळतो आणि हाताला नक्की कुठला गिअर लागतोय ते कळत नाही.

मग इंजिन चालू करून रिव्हर्स. रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणारी पितळी रिंग) नसतो, म्हणून क्लचची खरी परीक्षा तिथेच. पेडल तळापर्यंत दाबायचं, मनात दहा अंक मोजायचे आणि मग सावकाश टाकायचा. क्लच पूर्ण सुटत असेल तर तेवढ्यात क्लचची प्लेट आणि तिच्यापासून गिअरबॉक्समध्ये जाणारा इनपुट शाफ्ट फिरायचे थांबतात, आणि आवाज होत नाही. दोन सेकंदांत टाकून कर्र झालं तर तो दोष धरू नये. माझ्याकडे दहा मोजूनही कर्र होत होतं. म्हणजे पेडल दाबूनही क्लच प्लेटला पूर्ण सोडत नव्हता.

क्लच घसरतोय का, हे वेगळं पाहावं लागतं. हँडब्रेक लावून, समोर मोकळी जागा ठेवून, चौथ्या गिअरमध्ये इंजिन थोडं रेझ केलं आणि क्लच हळूहळू सोडला. इंजिन झटक्यात बंद पडलं, म्हणजे पकड शाबूत. इंजिन बंद न पडता गुरगुरत राहिलं तर प्लेट संपलेली किंवा तेलकट झालेली. ही चाचणी एकदाच करावी. चार वेळा केली की चांगली प्लेटही जळते.

आता पेडलचा प्ले, म्हणजे क्लचवर जोर यायच्या आधी पेडल जितकं सैल दबतं ते अंतर. पायाने नाही, हाताने दाबून पाहायचा आणि शेजारी स्टीलची पट्टी उभी धरायची. या गाडीला साधारण १५ ते २५ मिलिमीटर ठेवतात. माझा निघाला ४५. गिअरबॉक्सवरच्या क्लच लिव्हरला केबलच्या टोकाचा नट असतो, तो आवळून प्ले २० वर आणला. गाडी एकदम शहाणी झाली. आठ दिवसांनी प्ले पुन्हा ३५.

बरेच लोक इथे चकतात. केबलच्या क्लचमध्ये प्लेट झिजली की प्ले कमी होतो, कारण प्रेशर प्लेटची (क्लच प्लेटला इंजिनच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे जड चाकावर, दाबून धरणारी तबकडी) बोटं रिलीज बेअरिंगकडे (पेडल दाबल्यावर ती बोटं ढकलणारं बेअरिंग) सरकतात. आपोआप प्ले वाढत असेल तर प्लेटला दोष देण्यात अर्थ नाही. कुठेतरी काहीतरी लांबतंय, वाकतंय किंवा तुटतंय. प्ले कुठल्या दिशेने सरकतोय एवढं लिहून ठेवलं तरी निम्मं निदान होतं. मी चावीच्या कव्हरवर तारीख आणि आकडा लिहिला होता.

एकाला पेडल दाबायला बसवलं आणि मी बॉनेटखाली टॉर्च घेऊन. लिव्हरच्या टोकाशी खडूची खूण केली. लिव्हर सलग न सरकता मध्येच अडखळून उडी मारत होता. पेडलचा कंस आणि केबल जिथून आत येते तो पत्रा वाकत नव्हता. केबल सोडून लिव्हर हाताने हलवला तर त्याचा शाफ्ट मोकळा, जाम नाही. उरली केबल. ती काढली तेव्हा पेडलकडच्या टोकाला तारेचे चार-पाच पदर तुटून फुललेले, आणि आवरणातलं प्लास्टिकचं अस्तर एका जागी वितळून तारेला चिकटलेलं. ट्रॅफिकमध्ये गिअर जड का व्हायचे, तेही कळलं. इंजिनची धग लागली की मऊ अस्तरात तार रुतायची आणि क्लच पूर्ण सुटायचा नाही.

पण क्लचच्या केबलचं अस्तर वितळेल कशाने? ती सायलेन्सरला कुठेच टेकत नव्हती. उत्तर विजेचं निघालं. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसतं, त्यामुळे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं असतं. सेल्फ मारताना लागणारा जबर करंट इंजिनकडून अर्थच्या पट्टीने परत जातो. ती पट्टी गंजली की करंटला दुसरी धातूची वाट लागते, आणि ती वाट म्हणजे क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरं इंजिनच्या घासलेल्या लोखंडाला लावून सेल्फ मारला : १.४ व्होल्ट. अर्धा व्होल्टसुद्धा जास्त. पट्टीच्या बोल्टखाली हिरवट थर साचला होता. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत करून नवी पट्टी लावली, तेव्हा ०.२ च्या आत आला. मल्टिमीटर नसेल तर बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंत जंपर केबल जोडून सेल्फ मारावा. सेल्फ एकदम जोरात फिरू लागला तर दोष अर्थिंगचाच. हे न करता नुसती केबल बदलली असती तर तीही काही महिन्यांत गेली असती.

नवी केबल मोठ्या वळणाने टाकली, पेडलच्या पिनेला ग्रीस लावलं आणि प्ले २० ठेवला. पहिला गिअर बोटांनी पडू लागला, रिव्हर्सची कर्रर्र गेली.

तिसऱ्यावरून दुसऱ्यावरची खरखर मात्र राहिली. एकाच गिअरला आवाज असेल तर क्लचवर संशय घेऊ नये. डबल क्लच करून पाहिला : क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला हलका झटका, पुन्हा क्लच दाबून दुसरा. आवाज गायब. म्हणजे दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली. गिअर ऑइल काढलं तर उन्हात सोनेरी चमचमणारं, तो पितळेचा चुरा. ७५डब्ल्यू-९० (तेलाचा दाटपणा) जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) भरलं, गाडी सपाटीवर ठेवून लेव्हलच्या भोकाच्या कडेपर्यंत. दुकानदार सर्रास जीएल-५ पुढे करतो. त्यातली गंधकाची रसायनं पितळेच्या रिंगला बाधू शकतात, म्हणून डब्यावर जीएल-४ वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नव्या तेलाने खरखर निम्मी झाली, गेली नाही. झिजलेली रिंग तेलाने भरून येत नाही.

आवाजाचं एक राहिलं. न्यूट्रलमध्ये पेडल दाबल्यावर किर्र वाजलं तर रिलीज बेअरिंग. पेडल सोडल्यावर वाजलं आणि दाबल्यावर थांबलं तर गिअरबॉक्समधलं इनपुट शाफ्टचं बेअरिंग. माझी दोन्ही गप्प आहेत. कोकणात पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीचं मात्र वेगळं असतं. तिची प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, आणि केबल कितीही नवी टाका, क्लच सुटत नाही.

गिअरबॉक्स अजून उतरवलेला नाही. दुसऱ्या गिअरला डबल क्लच मारतोय. ज्या दिवशी प्लेटसाठी तो खाली येईल, त्याच दिवशी प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं ऑइल सील आणि सिंक्रो रिंग एकत्र बदलायची आहे. क्रँकच्या सीलची यादीत वेगळी नोंद केली आहे, कारण त्यातून तेल झिरपलं तर नवी प्लेटही तेलकट होऊन क्लच सोडताना गाडी थरथरायला लागते.