व्हायोलावर पोट भरणारी रिबेका

इंग्लिश संगीतकार आणि व्हायोलावादक रिबेका क्लार्कचं नाव निघालं की १९१९ सालच्या स्पर्धेची गोष्ट ठरलेली. ती मीही सांगणार आहे, पण आधी तिच्या नोकरीबद्दल बोलते. कारण ही बाई वाजवून जगली, आणि तिच्या व्हायोला-पियानोच्या सोनाटाची (काही भागांची मोठी रचना) पानं पुढ्यात ठेवली की ते बोटांना कळतं.

व्हायोला म्हणजे व्हायोलिनचं थोरलं, खालच्या सुरांचं भावंड. मी त्यावर आले ती रिकामी जागा भरायला. आमच्या हौशी ग्रुपमध्ये व्हायोलिनवाले उदंड, व्हायोलाला कुत्रं विचारत नव्हतं. सर वांद्र्याचे, उभी हयात सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवलेले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझे हात लांब आहेत गो, तू घे." झालं. ई तार गेली, खाली सीची जाड तार आली, आणि ऑल्टो क्लेफ, म्हणजे व्हायोलाच्या स्वरलेखनाची वेगळी पद्धत, वाचताना पहिले काही महिने डोकं पार पिकलं.

पण ही भरती जगभर अशीच होते. लायनेल टर्टिस, ज्याने विसाव्या शतकात व्हायोलाला एकल वाद्याचा मान मिळवून दिला, तोसुद्धा लंडनच्या रॉयल अकॅडमीत व्हायोलिनच शिकत होता. रिबेकाला व्हायोलाकडे वळवलं चार्ल्स स्टॅनफर्डने. १९०७ ते १९१० ती रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये त्याच्याकडे रचना शिकत होती. त्याचं म्हणणं असं की व्हायोला घेतलास तर ऑर्केस्ट्राच्या मधोमध बसशील, आणि सगळं कसं घडतं ते आतून ऐकू येईल. पुढे ती टर्टिसकडेच शिकली.

१९१० मध्ये बापाने घराबाहेर काढलं. त्याची बाहेरची प्रकरणं होती, त्यावर ही बोलली म्हणून. पैसे बंद, शिक्षण बंद. (हाच बाप मुलांना मारायचाही.) मग व्हायोला हेच पोट. चारदोन वर्षांत ती संचालक (कंडक्टर) हेन्री वुडच्या क्वीन्स हॉल ऑर्केस्ट्रात बसली. लंडनच्या अशा ऑर्केस्ट्रात पगार घेऊन वाजवणाऱ्या पहिल्या काही बायकांपैकी ती एक. मला तिच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो आणि लोक नेमका हाच दोन ओळींत उरकतात.

१९१६ मध्ये ती अमेरिकेला गेली. १९१८ मध्ये न्यूयॉर्कला एका कार्यक्रमात तिने स्वतःच्याच रचना वाजवल्या. एकाच कार्यक्रमात आपलं नाव किती वेळा छापायचं म्हणून 'मॉर्फियस' या तुकड्यावर 'अँथनी ट्रेंट' असं पुरुषाचं नाव टाकलं. समीक्षकांनी ट्रेंटसाहेबांची दखल घेतली, तिच्या नावावरच्या रचना दुर्लक्षित राहिल्या. तिला याचं हसू यायचं म्हणे. मला नाही येत.

आता ती स्पर्धा. एलिझाबेथ स्प्रेग कूलिज या धनाढ्य बाईंनी व्हायोला आणि पियानोच्या रचनेसाठी बक्षीस लावलं होतं. सत्तरहून जास्त रचना आल्या, नावं झाकलेली. परीक्षकांची मतं दोन रचनांत समसमान विभागली गेली. कूलिजबाईंनी निर्णायक मत दिलं ते संगीतकार अर्नेस्ट ब्लॉखच्या सुइटला, म्हणजे तुकड्यांच्या मालिकेला. दुसरी रचना, म्हणजे रिबेकाचा हाच सोनाटा, एका बाईची निघाली तेव्हा काहींना ते पटेचना. 'रिबेका क्लार्क' हे टोपणनाव असणार, ब्लॉखनेच दोन्ही लिहिलं असणार, इथपर्यंत कुजबुज गेली. यात हळहळण्यासारखं आहे, मान्य. पण ब्लॉखची सुइटही दमदार आहे, तिला खलनायिका करायचं कारण नाही.

सोनाटाची सुरुवात 'इम्पेतुओसो', म्हणजे उसळून. तुतारीसारखी एक हाक येते, मग पियानो एक स्वरसंगती धरून थांबतो आणि व्हायोला एकटा वर-खाली फिरू लागतो. याला आलाप म्हणायचा मोह मला फार होतो. सर म्हणाले, "आलाप-बिलाप सोड, आधी सुरात वाजव." या वाद्याची गंमत अशी की त्याच्या खर्जाला हवी तेवढी पेटी खांद्यावर मावतच नाही. म्हणून पंधरा ते सतरा इंचांच्या दरम्यान प्रत्येक कारागीर आपापली तडजोड करतो, आणि सीच्या तारेला आवाज फुटायला बोचं (गजाचं) वजन जास्त द्यावं लागतं. रिबेकाने ते ओळखून लिहिलंय. व्हायोला खाली उतरला की ती पियानोला बाजूला सारते. आपल्याला बो ओढायला जागा मिळते. दुसऱ्या भागात पिझिकाटो (बोटांनी तार छेडणं) आणि हार्मोनिक्सची (तारेला हलकं बोट लावून काढलेले बारीक स्वर) धावपळ आहे. तिथे मी अजून हात घातलेला नाही.

पुढे तिने खूप वाजवलं. १९२७ मध्ये मे म्यूकल ही चेलोवादक आणि आणखी दोघी मिळून 'इंग्लिश आँसाँब्ल' हा पियानो क्वार्टेट, म्हणजे पियानो आणि तीन तंतुवाद्यांचा चौघींचा संच, उभा केला. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ती अमेरिकेत होती आणि परतीचा व्हिसा मिळेना. भावांकडे राहून झालं, मग १९४२ मध्ये कनेक्टिकटला एका घरी मुलं सांभाळायची नोकरी. १९४४ मध्ये जेम्स फ्रिस्किनशी लग्न केलं. तो पियानिस्ट, कॉलेजमधला जुना सोबती, दोघंही अठ्ठावन्नच्या घरात. त्यानंतर लेखन जवळजवळ थांबलं. नवऱ्याने अडवलं असं चटकन वाटतं, पण तो तर लिही म्हणून मागे लागायचा. तिचं म्हणणं होतं की सकाळी उठल्यावर पहिला विचार रचनेचा नसेल तर तिच्याकडून ते होत नाही. मला ते खरं वाटतं.

१९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओचा एक माणूस पियानिस्ट मायरा हेसच्या आठवणी विचारायला तिच्याकडे गेला आणि बोलता बोलता त्याला कळलं की या नव्वदीच्या आजींनी स्वतः काय काय लिहून ठेवलंय. तिथून तिचं संगीत पुन्हा वाजू लागलं. १९७९ मध्ये ती गेली.

एक राहिलं. कॉलेजच्या आधी रॉयल अकॅडमीत तिला पर्सी माइल्स नावाचे शिक्षक होते. त्यांनी लग्नाची मागणी घातली म्हणून बापाने तिला १९०५ मध्ये तिथून काढलं होतं. माइल्सनी मृत्युपत्रात आपलं स्ट्रॅडिव्हेरियस (नामांकित इटालियन कारागिराचं, फार मोलाचं) व्हायोलिन तिच्या नावे केलं. तिने पुढे ते विकलं आणि त्याच अकॅडमीत मे म्यूकलच्या नावाने चेलोवादकांसाठी बक्षीस ठेवलं.

ऐकायचं असेल तर 'मॉर्फियस'पासून सुरू करा, छोटं आहे. सोनाटाला वीस-पंचवीस मिनिटं काढावी लागतील, आणि कृपा करून मोबाइलच्या स्पीकरवर नको, खालची तार त्यात ऐकूच येत नाही.