तुम्ही विचारलंत म्हणून: झुलू मुलांना झुलूत शिकायचंय का?

सुट्टीत पुण्याला आले की हा प्रश्न ठरलेला. दक्षिण आफ्रिकेत, क्वाझुलू-नाताल प्रांतात मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला फिजिक्स शिकवते हे कळलं की कुणीतरी विचारतंच, "तिथल्या मुलांना त्यांच्या भाषेत शिकायचंय तरी का? की तिथेही सगळ्यांना इंग्रजीच हवं?"

हात वर करायला सांगितले तर इंग्रजीच जिंकते. नोकरीची मुलाखत इंग्रजीत, पुस्तकंही इंग्रजीत. पण त्याच मुलांना गटात गणितं सोडवायला बसवा आणि जरा लांब जाऊन उभ्या राहा. सगळी चर्चा झुलूत.

एकदा एक मुलगी वैतागून म्हणाली, "मॅडम, फोर्सही अमांड्ला, एनर्जीही अमांड्ला, पॉवरही अमांड्लाच. मग सूत्रं तीन कशाला?" मराठी शाळेत मला बल, ऊर्जा, शक्ती असे तीन शब्द आयते मिळाले होते, त्यामुळे ही अडचण माझ्या कधी लक्षातच आली नव्हती. मी फळ्यावर 'अमांड्ला' तीनदा लिहिलं आणि म्हटलं, यातलं ढकलणारं कुठलं, साठलेलं कुठलं आणि दर सेकंदाला किती खर्च झालं ते सांगणारं कुठलं? वर्ग अर्धा तास झुलूत भांडला. गणितं मात्र इंग्रजीत लिहिली, आणि बरोबर लिहिली.

म्हणून मी म्हणते, दोन्ही भाषा हव्यात. इंग्रजी काढून घ्या असं कुणीच म्हणत नाही.

आणि झुलूतून शिकवायला मुलांच्या घरचे नकार देतात, त्याला कृपा करून न्यूनगंड म्हणू नका. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याखाली मातृभाषेचं माध्यम आलं ते काळ्या मुलांसाठी आखलेल्या दुय्यम शिक्षणासोबत. पुढे १९७६ मध्ये गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोत मुलं रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. 'तुमच्या भाषेत शिका' म्हटलं की आजीच्या पोटात अजून गोळा येतो, तो यामुळे.

हे जमणारं आहे. लिंपोपो विद्यापीठात २००३ पासून एक बी.ए. इंग्रजी आणि सेपेदी (तिथली एक स्थानिक भाषा) अशा दोन्ही भाषांत चालतं. क्वाझुलू-नाताल विद्यापीठाने २०१४ पासून पदवीच्या नव्या विद्यार्थ्यांना झुलूचा एक अभ्यासक्रम सक्तीचा केला.

त्या मुलीने वहीत तिन्ही सूत्रांसमोर झुलूत एकेक वाक्य लिहून ठेवलं होतं. तिला विचारून मी ती वाक्यं उतरवून घेतली. आता दरवर्षी पहिल्याच आठवड्यात मी ती फळ्यावर लिहिते, आणि माझे उच्चार मुलं सुधारतात.