मिरचीच्या रोपवाटिकेतल्या मुंग्या आणि चिलटं

आर्वीजवळ आमच्या वावरात शेडनेटखाली मिरची-वांग्याची रोपवाटिका आहे. पावसाळ्यात आभाळ धरून राहिलं की ट्रेमधलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सुकत नाही आणि ट्रेला हात लावला की काळी चिलटं उडतात. यंदा मुंग्यांच्या रांगाही लागल्या. कृषी केंद्रवाले म्हणाले, "भाऊ, क्लोरपायरीफॉस सोडून द्या." हे कीटकनाशक. मला ते पटलं नाही. त्याच रोपांवर लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या अळ्या फिरत होत्या आणि अशी एक अळी मोठी होईपर्यंत शेकडो मावा, म्हणजे रोपाचा रस शोषणारे बारीक किडे, खाते. तिला मारायचं कसं?

आधी रांगेच्या मागे गेलो. ती थेट मावा बसलेल्या शेंड्यांवर जात होती. मावा गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो खातात, म्हणून माव्याची राखण करतात आणि भुंगेऱ्याच्या अळ्यांना हुसकावतात. म्हणजे मुंग्या आवरल्या की माव्याचं काम भुंगेरे बघतील.

दिसतील त्या मुंग्या मारल्या तरी वारुळात राणी शाबूत राहते. म्हणून आमिष केलं: 1 लिटर पाणी, 100 ग्रॅम साखर, 10 ग्रॅम बोरिक ॲसिड. बोरिक याहून जास्त नको. मुंगी वाटेतच मेली तर विष वारुळात पोचत नाही. त्यात कापूस भिजवून झाकणाच्या डब्यांत ठेवला. डब्यांना मुंगीपुरतीच भोकं पाडली, मधमाशी आत जायला नको. डबे शेडनेटबाहेर, रांगेच्या वाटेवर, पोरांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवले. शिवाय पूर्वी फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, तशा ट्रेच्या मांडवाच्या पायांखाली ठेवल्या. पाण्यात साबणाचे दोन थेंब, नाहीतर डास होतात. हळूहळू रांगा विरळ झाल्या आणि शेंड्यांवर भुंगेरे वाढले.

चिलटांचं मूळ ओलाव्यात. उडणारं चिलट रोपाला खात नाही. कोकोपीटमधली त्याची काळ्या डोक्याची पांढुरकी अळी बुरशी खाते आणि कोवळी मुळंही. बटाट्याची चकती कोकोपीटवर ठेवून एक-दोन दिवसांनी उलटली की अळ्या दिसतात. वरचा थर सुकल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, आणि द्यायचं ते सकाळीच, असं ठरवलं. अळ्या जास्त होत्या त्या ट्रेंना बीटीआय दिलं. डासांच्या अळ्यांसाठी वापरतात तोच हा जिवाणू. भुंगेरे आणि मधमाश्यांना त्याचा त्रास नाही. पिवळे चिकट सापळे मात्र ट्रेलगत खालीच लावले, कारण वर टांगले की त्यात मित्रकीटकही अडकतात.

आता सापळ्यावर चिलटं वाढली की आधी पाणी तोडतो. बीटीआय त्यानंतर.