लंडन लिहिलंय, निघालं न्यूयॉर्क

परवा सांगलीला विश्रामबागच्या घरी माळा आवरताना अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्सची एक सीडी सापडली, कॉलेजात कुणाकडून तरी कॉपी केलेली, वर मार्करने 'लंडन, फेब्रुवारी १९६९'. म्हटलं चला, लंडनच्या अल्बर्ट हॉलचा कार्यक्रम! लावली तर मध्येच ड्रमर गायला लागला अन् तो त्याचा तेव्हाचा ड्रमर मिच मिचेल नव्हेच, हा तर नंतर आलेला बडी माइल्स. मग लंडन कुठलं?

शिवाय सूर टोचत होता. मिरजेच्या मित्राला व्हॉट्सॅपवर पाठवलं, त्याच्या घरी तंबोरे बनतात, हेंड्रिक्स कोण ते त्याला घेणंदेणं नाही. म्हणाला, "पांढरी तीन हाय की." म्हणजे पेटीची तिसरी पांढरी पट्टी. पण हेंड्रिक्स तेव्हा गिटार अर्धा सूर उतरवून लावायचा, म्हणजे तिच्या अर्धा सूर खालची काळी दोन पाहिजे! म्हणजे मूळ टेप सहा टक्के जोरात पळालीय.

खरी गंमत पुढंय. दोन गाण्यांच्या मधे अँपची (अँप्लिफायरची) जी गूं ऐकू येते ना, ती तिथल्या लाइटची असते, इंग्लंडात ५० हर्ट्झ, अमेरिकेत ६०. लॅपटॉपवर बघितली तर ६३-६४ च्या आसपास, स्पीड उतरवला की बरोब्बर ६०. (कॉपी करताना आपली ५० ची गूं पण घुसते, तिला फसू नका.)

अमेरिका अन् बडी माइल्स, म्हणजे न्यूयॉर्कचं फिलमोर ईस्ट थिएटर, ३१ डिसेंबर १९६९ नाहीतर १ जानेवारी १९७०. चार शो झालेले, आता यातला कुठला ते शोधायला एकेक गिटार सोलो जुळवत बसलोय आणि बायको विचारतेय माळा कधी आवरणार.