घरात वाजतं, मग बाहेर का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. घरच्या कॉम्प्युटरवरची गाणी लांबून ऐकायची धडपड करणारे सगळे हेच विचारतात: "घरात छान वाजतं, दाराबाहेर पडलं की बंद. असं का?"

मी नेटवर्कमधली तज्ज्ञ नाही. आईच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी मी डिजिटल केल्या, जुन्या लॅपटॉपवर नॅव्हिड्रोम, म्हणजे आपली गाणी दुसऱ्या यंत्रांवर ऐकवणारं सॉफ्टवेअर, टाकलं आणि जर्मनीतल्या भावाला ते सगळं ऐकता यावं म्हणून दीड महिना झटले. तपासायला नेहमी एकच फाइल घ्यायचे. सातव्या कॅसेटची दुसरी बाजू: एक अभंग संपतो, टाळ थांबतात आणि आईचा आवाज येतो, "पट्टी जरा उतरवा गं." तेवढं त्याच्यापर्यंत पोचलं की जमलं, असं मी ठरवलं होतं.

सर्वांत आधी फोनचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावर तपासा. घरात फोन आणि लॅपटॉप एकाच राउटरमार्फत बोलतात, बाहेरच्या रस्त्याचा संबंधच येत नाही. त्यामुळे घरातल्या तपासणीतून काहीच कळत नाही. मी आठवडाभर तेच करत बसले होते.

मग राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं. बाहेरून ४५३३ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे नॅव्हिड्रोमच्या दारावर, जे येईल ते लॅपटॉपकडे, म्हणजे १९२.१६८.१.७ या पत्त्यावर पाठवायचं. तरी बाहेरून काही लागेना. त्यात दोन दिवसांनी लाइट गेली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि लॅपटॉपला शेवटी १२ असलेला नवा पत्ता मिळाला. नियम जुन्याच पत्त्यावर राहिला. लॅपटॉपचा पत्ता राउटरमध्ये पक्का करून ठेवावा लागतो. तोही केला. तरी बंदच.

खरं कारण लाइन दुरुस्तीला आलेल्या मुलाने सहज सांगितलं: "ताई, तुमच्या अख्ख्या गल्लीला बाहेर एकच आयपी आहे." आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते जगात सुमारे ४३० कोटीच. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. म्हणून इंटरनेट कंपन्या बऱ्याच ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. तुम्ही बाहेर काही मागितलं तर उत्तर बरोबर तुमच्याकडे येतं, कारण कोणी मागितलं याची नोंद असते. पण बाहेरून कोणी आपणहून आलं, तर ते नेमकं कोणत्या घरी पाठवायचं हे कंपनीच्या यंत्राला ठाऊक नसतं. ते तिथूनच परत जातं. तुमच्या राउटरमध्ये कितीही नियम लिहा, तिथपर्यंत काही पोचतच नाही.

हे ओळखायला दोन मिनिटं लागतात. राउटरच्या पानावर इंटरनेटच्या बाजूचा पत्ता बघा आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या एखाद्या साइटवरचा बघा. दोन्ही वेगळे असतील तर तुमच्या पुढे आणखी कोणी बसलंय. राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर बहुधा सीजीनॅटच. ते आकडे २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवले. १९२.१६८ने सुरू होत असेल तर बहुतेक घरातच दोन राउटर एकामागे एक लागलेत, आणि ते आपल्यालाच सोडवता येतं.

कंपनीकडून वेगळे पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त आपल्यासाठीचा न बदलणारा पत्ता, घेता येतो. मी टेलस्केल निवडलं, म्हणजे आपली यंत्रं खासगी जाळ्यात जोडणारं सॉफ्टवेअर. दोन्हीकडची यंत्रं आपणहून बाहेर पडतात आणि आपसात बंद बोगदा तयार करतात, त्यामुळे कंपनीच्या नोंदीचा प्रश्न मिटतो. माझ्यासाठी मोठी गोष्ट ही की घराचं कुठलंही दार जगासाठी उघडं राहत नाही. आईचा आवाज ज्या यंत्रात आहे, त्याच्या लॉगिनवर कोणीही अनोळखी माणसाने पासवर्ड मारून बघावेत हे मला नको होतं. मात्र टेलस्केलही यंत्रांना त्याच १००च्या पट्ट्यातले पत्ते देतं, तेव्हा गोंधळू नका.

भावाला गाणं लागलं, पण ट्रेनमध्ये अडकायचं, आणि तेही आईच्या वाक्याआधी. मी मूळ फ्लॅक फाइलच, म्हणजे दर्जा न गमावता साठवलेला आवाज, पाठवत होते. सीडीच्या दर्जाचा आवाज न दाबता सेकंदाला १४११ किलोबिट घेतो. फ्लॅक त्याहून कमी, तरी हलत्या ट्रेनमधल्या नेटला जड. फ्लॅक घरी जपा आणि वाटेत १२८ किलोबिटचं ओपस, म्हणजे दाबलेली हलकी फाइल, करून पाठवा. ती सोय नॅव्हिड्रोममध्येच आहे. कॅसेटच्या आवाजात मला तरी काही फरक ऐकू आला नाही. आणि स्क्रीन बंद झाल्यावर गाणं थांबत असेल तर नेटवर्कला हात लावू नका, फोनमधली बॅटरी वाचवायची सेटिंग बघा.

एका संध्याकाळी ट्रेनमधून त्याचा मेसेज आला: "मग उतरवली का पट्टी?"

उतरवली होती. पुढचा अभंग काळी चारमधला आहे.