आमची वाटचाल : खात्यांच्या नोंदी जोडण्याचं काम

२२ यंत्रणा एकत्र करून अमेरिकेचं होमलँड सिक्युरिटी खातं २००३ च्या मार्चमध्ये कामाला लागलं. पाट्या एका दिवसात बदलल्या, डेटाबेस मात्र ज्याचे त्याच्याकडेच राहिले. आमच्या छोट्या कंपनीचा धंदा उभा आहे तो या दरीवर.

सुरुवात झाली मोठ्या कंत्राटदाराच्या हाताखाली, मॅपिंगच्या कामाने. न्याय आणि होमलँड सिक्युरिटी खात्यांनी २००५ मध्ये 'नीम' नावाचा सामाईक शब्दसाठा आणला. प्रत्येक यंत्रणेचा कॉलम त्यातल्या योग्य घटकाशी जोडायचा. काम कारकुनी वाटतं, पण कस इथेच लागतो. 'प्रवेश दिनांक' म्हणजे एकीकडे माणूस देशात आल्याची तारीख, दुसरीकडे नोंद टाइप केल्याची. म्हणून कॉलमच्या नावावर विसंबायचं नाही. नोंद भरणाऱ्याला विचारायचं आणि शे-दोनशे ओळी स्वतः वाचायच्या.

पुढे ओळख जुळवणीची, म्हणजे दोन ठिकाणच्या नोंदी एकाच माणसाच्या आहेत का हे ठरवण्याची, कामं मिळू लागली. इमिग्रेशनचा ए-नंबर, म्हणजे परदेशी माणसाला मिळणारा नोंदणी क्रमांक, जुन्या फायलींत ७ किंवा ८ अंकी सापडतो, आता ९ अंकी लिहितात. कोणीतरी तो कॉलम संख्या म्हणून साठवला की सुरुवातीचं शून्य गळतं आणि जुळणी फसते. तो मजकूर म्हणूनच ठेवायचा, डावीकडे शून्यं भरून. शिवाय एकाच माणसाचे दोन ए-नंबरही निघतात. जन्मतारखेची गोष्ट आणखी अवघड. जिथे नेमकी तारीख माहीत नसते, तिथे १ जानेवारी लिहिली जाते. निर्वासितांच्या कागदांत ती ढिगाने दिसते. त्या तारखेला जुळणीचे गुण कमीच द्यायचे, नाहीतर नावाचं थोडं साम्यही दोन परक्या माणसांना एक करून टाकतं. नावांसाठी साउंडेक्स, म्हणजे उच्चारावरून नावांना सांकेतिक क्रमांक देणारी जुनी पद्धत, तर नकोच! ते पहिलं अक्षर तसंच धरून ठेवतं, आणि अरबी नावांची रोमन स्पेलिंगं तिथूनच फुटतात.

कागदपत्रांचं थोडक्यात: १९७४ च्या प्रायव्हसी कायद्याखालची सूचना, प्रायव्हसीवरच्या परिणामांचा आढावा आणि संगणक प्रणाली चालवण्याची सुरक्षा मंजुरी. ही कामं कोड लिहिण्याआधीच सुरू करायची. मंजुरीअभावी तयार प्रणाली पडून राहते आणि पगार मात्र चालू राहतात. छोट्या कंपनीला हेच झेपत नाही.

आज आमचा सगळा भर दुरुस्तीच्या वाटेवर आहे. मूळ खात्याने नोंद सुधारली किंवा काढली, तरी इतरांकडची प्रत जुनीच राहते आणि निर्दोष माणूस विमानतळावर अडतो. त्यासाठी प्रत्येक प्रतीसोबत मूळ खातं, मूळ नोंद क्रमांक आणि घेतल्याची वेळ ठेवायची. 'रद्द' हा संदेश 'नवी नोंद' या संदेशाइतकाच रीतसर पाठवायचा आणि पोहोच मागायची. रात्री दोन्ही बाजूंच्या नोंदींची मोजणी ताडायची. फरक दिसला तर सकाळी माणसाने बघायचं. निविदेत हा भाग आम्ही वेगळ्या ओळीत लावतो. तो कापून दर कमी करा असं कोणी म्हटलं, तर ते काम आम्ही घेत नाही.